मीटर कोणाचं, वायर कोणाची: नव्या घराच्या वीज-गॅस नोंदी

६ नोव्हेंबर २०२४

भाऊबीज झाली आणि आज पुण्यातल्या कर्वेनगरच्या फ्लॅटच्या किल्ल्या मिळाल्या. १९९६ ची तीन मजली इमारत, लिफ्ट नाही, एकूण बारा घरं. आमचं आठ नंबरचं, दुसऱ्या मजल्यावर. सामान कराडहून शनिवारी येईल. त्याआधी वीज आणि गॅस या दोन्ही गोष्टी नीट समजून घ्यायच्या, असं मी ठरवलंय. कामाच्या साइटवर रोजची नोंद ठेवायची सवय आहेच, तशीच इथेही ठेवते.

जिन्याखालच्या मीटर रूममध्ये जाऊन '८' लिहिलेल्या मीटरच्या रीडिंगचा फोटो काढला. त्या फोटोत मीटरचा अनुक्रमांक, तारीख आणि आकडा तिन्ही वाचता येतात. विकणाऱ्या काकांकडून शेवटचं भरलेलं बिल, बारा अंकी ग्राहक क्रमांक आणि अनामत रक्कम आमच्या नावावर वर्ग करायला हरकत नसल्याचं सहीचं पत्र घेतलं. हे पत्र नसेल तर अनामत आपल्याला नव्याने भरावी लागते. राज्य वीज नियामक आयोगाच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे ती साधारण दोन महिन्यांच्या बिलाइतकी असते.

थकबाकी शून्य आहे हेही ऑनलाइन बघून घेतलं. जुन्या मालकाची थकबाकी हा त्याचा प्रश्न, असं पुष्कळजण समजतात. पण नियमांत तशी तरतूद असेल तर वीज कंपनी ती नव्या मालकाकडून मागू शकते. मे २०२३ मध्ये केरळच्या वीज मंडळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं आहे. खरेदीखतावर सही करण्याआधी बघायची ही गोष्ट आहे.

७ नोव्हेंबर

आज इलेक्ट्रिशियनला घेऊन पूर्ण घर फिरले. आत्याच्या घरचं काम यांनीच केलं होतं. माणूस शांत आहे, मल्टिमीटर लावून दाखवल्याशिवाय काही बोलत नाही.

स्वयंपाकघरातल्या प्लगमध्ये फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) यांच्यात २३४ व्होल्ट, हे ठीक. फेज-अर्थिंग मात्र १४० आणि न्यूट्रल-अर्थिंग ९०. अर्थिंग चांगलं असेल तर फेज-अर्थिंगचा आकडा फेज-न्यूट्रलच्या जवळपास यायला हवा आणि न्यूट्रल-अर्थिंग दोन-चार व्होल्टच्या आत. म्हणजे तिसऱ्या भोकात वायर आहे, पण ती जमिनीपर्यंत पोचत नाही. बाथरूमच्या गीझर पॉइंटलाही तीच गत.

डीबीमध्ये, म्हणजे घरातल्या मुख्य स्विचच्या पेटीत, जुने एमसीबी आहेत, पण आरसीसीबी नाही. एमसीबी जळण्यापासून वायर वाचवतो. माणसाला वाचवतो तो आरसीसीबी: ३० मिलिअँपिअर करंट वाट चुकून शरीरातून किंवा ओल्या भिंतीतून जायला लागला की सेकंदाच्या अंशात लाइन तोडतो. घरात सासूबाई आहेत, दोन मुलं आहेत. या एका वस्तूवर तडजोड नाही.

बाथरूममध्ये एक गॅस गीझरही आहे, आतल्या भिंतीवर. शेजारच्या झडपांच्या खिडकीला कुणीतरी काच लावून ती पूर्ण बंद केली आहे. तो आजच उतरवायला सांगितला. बंद बाथरूममध्ये गॅस जळाला की हवेतला ऑक्सिजन कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. गॅसमध्ये घातलेल्या मर्कॅप्टनचा उग्र वास येतो तो न जळता गळणाऱ्या गॅसला. जळून तयार झालेला विषारी वायू नाकाला कळत नाही. थंडीत आंघोळीला गेलेलं माणूस आत बेशुद्ध सापडल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. कुणाकडे असा गीझर आत बसवलेला असेल तर कृपा करून हे वाचून आजच बंद करा.

९ नोव्हेंबर

सामान आलं. चहा इंडक्शनवर झाला.

कराडचं गॅस कनेक्शन सासूबाईंच्या नावावर. निघण्यापूर्वीच तिथल्या एजन्सीत दोन्ही सिलिंडर, रेग्युलेटर आणि निळं पुस्तक देऊन ट्रान्स्फर टर्मिनेशन व्हाउचर घेतलं होतं. गाव बदलताना सिलिंडर टेम्पोत टाकून आणायचा नसतो. तिथे जमा करायचा, अनामत परत घ्यायची आणि व्हाउचर नव्या एजन्सीत दाखवून इथे पुन्हा घ्यायचा. शहरातल्या शहरात एजन्सी बदलायची असेल तर सिलिंडर हलवावा लागत नाही, नुसतं कागदावर होतं. सतरा अंकी एलपीजी आयडी तोच राहतो.

इथल्या एजन्सीत ई-केवायसी मागितलं. आईंचे अंगठे मशीनवर उमटेनात. सत्तरीतल्या, आयुष्यभर भांडी-धुणी केलेल्या बाईच्या बोटांवर रेषा कुठून राहणार? काउंटरवरच्या मुलीने मोबाइलवर चेहरा दाखवून करता येतं असं सांगितलं आणि स्वतः करून दिलं. तिचे मनापासून आभार.

१० नोव्हेंबर

आज बिलं घेऊन बसले आणि एक गोष्ट खटकली.

विकणाऱ्या काकांनी सांगितलं होतं, भाडेकरू मार्च २०२३ ला गेले, त्यानंतर घर बंदच. घर बंद होतं हे सोसायटीच्या चौकीदारानेही सांगितलं. पण ऑनलाइन दिसणाऱ्या गेल्या बारा महिन्यांच्या बिलांत दर महिन्याला ६५ ते ७५ युनिट आहेत. उन्हाळ्यात थोडे जास्त, पावसाळ्यात थोडे कमी. फ्रीज नाही, दिवा नाही, मेन स्विच बंद, मग हे युनिट गेले कुठे? काकांना फोन केला. ते म्हणाले, "अहो, बिल कमीच यायचं, म्हणून कधी लक्ष दिलं नाही."

गळती म्हणावी तर ती रोज सारखी असते, ऋतूप्रमाणे कमीजास्त होत नाही. हा एका माणसाचा संसार आहे: एक फ्रीज, एक पंखा, टीव्ही, दोन-तीन दिवे.

११ नोव्हेंबर

संध्याकाळी इलेक्ट्रिशियन आणि मी, दोघांनी मिळून तपासलं. पद्धत सविस्तर लिहिते, कारण यासाठी कुठलंही यंत्र लागत नाही आणि कुणालाही करता येते.

मी वर, ते खाली मीटरसमोर, दोघांच्या कानाला फोन. मी घरातला मेन स्विच पाडला. '८' च्या मीटरवरचा लाल दिवा लुकलुकतच राहिला. घरात काहीही चालू नसताना मीटर फिरतोय. मग मी मेन चालू करून हजार वॅटची इस्त्री फुल्लवर लावली. '८' च्या मीटरचा वेग बदलला नाही. मात्र शेजारच्या '७' च्या मीटरचा दिवा भराभर पेटायला लागला.

मीटरवर ३२०० इम्पल्स प्रति युनिट असं छापलेलं असतं, म्हणजे एका युनिटला दिवा ३२०० वेळा लुकलुकतो. हजार वॅटची वस्तू तासभर चालली की एक युनिट, म्हणजे मिनिटाला साधारण ५३ लुकलुक. इस्त्री तापायला लागल्यापासून पहिल्या मिनिटात '७' वर मोजले ५४. शंकेला जागा राहिली नाही.

आमच्या घराची वायर सात नंबरच्या मीटरला जोडलेली आहे आणि सात नंबरची आमच्या.

इलेक्ट्रिशियनचा चेहरा उतरला. दोन दिवसांनी अर्थिंग दुरुस्त करायला ते येणार होते. त्यांची पद्धत अशी की आधी खाली जाऊन त्या घराचा कटआउट (फ्यूज) काढून खिशात ठेवायचा, मग वर वायरला हात लावायचा. त्यांनी '८' चा कटआउट काढला असता, शेजारच्या घरात अंधार झाला असता आणि आमच्या घरातली वायर जिवंत राहिली असती. "मी टेस्टर लावतोच ताई," ते म्हणाले, "पण लावत नाहीत अशी पोरं पण आहेत." मला त्या वेळी बिलाचं काही वाटलं नाही, हेच डोक्यात घुमत राहिलं.

१२ नोव्हेंबर

सात नंबरमध्ये एक आजी एकट्या राहतात. वय ७८. मुलगी सोलापूरला. त्यांना हे कसं सांगायचं याचा रात्री बराच विचार केला. शेवटी तुळशीच्या लग्नाची तयारी करायची म्हणून आई त्यांच्याकडे जाणार होत्या, त्यांच्यासोबत गेले आणि सरळ सांगितलं.

आजींनी सगळं शांतपणे ऐकलं आणि कपाटातून एक फाइल काढली. लाइट बिलं, २०१६ पासूनची, महिन्याप्रमाणे लावलेली, प्रत्येकावर भरल्याची तारीख पेनाने. यजमान गेल्यावरही त्यांनी ही सवय सोडलेली नाही.

फाइल वाचत गेले तसं चित्र स्पष्ट झालं. एप्रिल २०१८ पर्यंत ७०-८० युनिट. मे २०१८ मध्ये सोसायटीने मीटर बोर्ड जिन्याच्या बाहेरून आतल्या खोलीत हलवला. जोडणी कुणी केली याची नोंद सोसायटीकडे नाही. मे २०१८ नंतर बिलांचा आकार बदलतो. जुलै २०१९ पासून तर आकडा १९०, २२०, २४०: आमच्या घरात तेव्हा भाडेकरू राहायला आले, एसी असलेले. ते वापरत होते आणि आजी भरत होत्या. भाडेकरू भरत होते ते आजींचं सत्तर युनिटचं बिल.

जून २०२० चं बिल आजींनी वेगळ्या पाकिटात ठेवलं आहे. टाळेबंदीत रीडिंग बंद होतं, एप्रिल-मेची बिलं सरासरीने आली आणि जूनमध्ये सगळ्या राज्यात एकदम मोठी बिलं हातात पडली, तो काळ. भाडेकरू दोघंही घरून काम करत होते, उन्हाळाभर एसी. ते बिल आजींनी हप्त्यांनी भरलं.

आणि मग त्यांनी सांगितलं ते लिहिताना अजूनही जड जातं. बिल का वाढतंय हे कळेना, म्हणून त्यांनी गीझर बंद केला. आंघोळीचं पाणी गॅसवर. मग फ्रीज थंडीत बंद ठेवायला लागल्या. दुपारी पंखा न लावता गॅलरीत बसायच्या. तरी बिल उतरेना. इकडे सिलिंडर लवकर संपायला लागला, म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक बंद करून सकाळचंच खायच्या. २०२३ च्या एप्रिलमध्ये बिल अचानक नुसत्या स्थिर आकारावर (वापर नसला तरी लागणाऱ्या रकमेवर) आलं. "मला वाटलं, माझ्या काटकसरीला यश आलं," म्हणाल्या.

दोन वायरींची अदलाबदल. पाच-सहा वर्षं एका म्हाताऱ्या बाईने स्वतःच्या अंगावर काटकसर केली, ती दुसऱ्याच्या एसीसाठी.

१४ नोव्हेंबर

कागदाचं काम. नाव बदलाचा अर्ज मी भरायला काढला होता, तो थांबवला. आधी मीटर बरोबर, मग नाव. आत्ता नाव बदललं असतं तर चुकीचा मीटर अधिकृतपणे माझ्या नावावर लागला असता आणि पुढे निस्तरणं अवघड झालं असतं.

आजी आणि काकांकडून (ग्राहक अजून तेच) संयुक्त अर्ज तयार केला. सोबत दोन्ही मीटरचे फोटो, मेन स्विच पाडून काढलेला व्हिडिओ, दोन्ही ग्राहक क्रमांकांची मागची बिलं, सोसायटीचं पत्र. शाखा कार्यालयात देऊन आवक क्रमांक घेतला. ही पोच नसेल तर अर्ज दिल्याचा काही पुरावा राहत नाही.

मीटरच्या सीलला आम्ही हात लावलेला नाही. इलेक्ट्रिशियन म्हणाले, खालचे दोन जोड दहा मिनिटांत बदलून देतो. मी नको म्हटलं. सील तुटलेलं दिसलं तर बोट आपल्याकडे वळतं, आणि आजींना तो ताप कशाला?

१६ नोव्हेंबर

सिलिंडर आला. डिलिव्हरीवाल्याकडून वजन करून घेतलं: गळ्यावर रिकाम्या सिलिंडरचं वजन १५.८ किलो, त्यात गॅस १४.२, काट्यावर बरोबर ३०. कॉलरच्या आतल्या पट्टीवर 'बी-२७', म्हणजे पुढची चाचणी एप्रिल ते जून २०२७ मध्ये. ए म्हणजे वर्षाचे पहिले तीन महिने, बी पुढचे तीन, असं डीपर्यंत. तारीख उलटून गेलेला सिलिंडर घ्यायचा नाही, तो परत पाठवायचा आपल्याला हक्क आहे. डिलिव्हरीवाल्याला या सगळ्याचा राग येत नाही, वजनकाटा त्याच्याजवळ असतोच. विचारणारे कमी.

नळी नवीन घेतली, आत तारेची जाळी असलेली नारिंगी. आयएसआय मार्क आणि त्यावर छापलेलं वर्ष बघून घेतली. पाच वर्षांनी बदलायची. जुन्या मालकाची हिरवी नळी भेगाळलेली होती, ती लगेच कापून टाकली, म्हणजे कुणी उचलून वापरायला नको.

आजींची नळीही बघितली. तीही बदलली.

१९ नोव्हेंबर

पाइपच्या गॅससाठी अर्ज केला. पुण्यात हा गॅस महाराष्ट्र नॅचरल गॅस लिमिटेड देते, गेल आणि भारत पेट्रोलियम यांनी मिळून काढलेली कंपनी. इमारतीच्या मागच्या भिंतीवर पाइप आधीच चढवलेला आहे, पाच घरांनी कनेक्शन घेतलंय. सोसायटीचं ना-हरकत पत्र, खरेदीखताचा इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) आणि आधार एवढंच लागलं.

आजींनी विचारलं, "मला पण मिळेल का ग? सिलिंडर वर आणणाऱ्याला प्रत्येक वेळी वेगळे पैसे द्यावे लागतात." त्यांचाही अर्ज भरला.

२५ नोव्हेंबर

आज वीज कंपनीचे सहायक अभियंता आणि दोन लाइनमन आले. मेन पाडून, दिवे बघून त्यांनी स्वतः खात्री केली, दोन्ही मीटरची रीडिंग घेतली, पंचनामा केला. मीटर जागेवर ठेवून बाहेर जाणाऱ्या वायरींची अदलाबदल केली आणि नवीन सील लावलं. प्रत्येक सीलचा क्रमांक वहीत घेतला. अभियंत्यांनी आजींशी फार आदराने बोलणं केलं, खाली यायला लावलं नाही, सहीसाठी स्वतः वर गेले.

मग पुन्हा इस्त्री. या वेळी '८' चा दिवा धावला, '७' चा संथ.

चालू महिन्याची दोन्ही बिलं दुरुस्त होऊन येतील. मागच्या वर्षांबद्दल मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं: दोन्ही मीटर बरोबर मोजत होते, कंपनीला एकूण पैसे पूर्ण मिळालेत, वाद दोन ग्राहकांमधला आहे, सामोपचाराने मिटवा. बोलणं कठोर वाटलं तरी हिशेब तसा आहे.

२६ ते २९ नोव्हेंबर

आता वायरिंगला हात लावायला हरकत नव्हती. अर्थिंगची वायर डीबीच्या मागे, भिंतीतल्या जोडात तुटलेली निघाली. ती सांधली. इमारतीचा अर्थिंगचा खड्डा पार कोरडा पडला होता. सोसायटीने नवीन पाइप आणि प्लेट टाकून घेतली. आता फेज-अर्थिंग २३२, न्यूट्रल-अर्थिंग २.

नवीन डीबी: दोन पोल ४० अँपिअर आरसीसीबी, दिव्यांना वेगळे एमसीबी, गीझर आणि एसीला स्वतंत्र लाइन, चार स्क्वेअर मिलिमीटरची वायर. मीटरपासून घरापर्यंत जुनी अ‍ॅल्युमिनियमची वायर होती, तिथे सहा स्क्वेअरची तांब्याची. पैसे वाचवायचेच असतील तर झुंबरावर वाचवावेत, या वायरवर नाही.

आरसीसीबी बसवला आणि लगेच पडला. इन्व्हर्टरच्या लाइनचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटमध्ये मिसळलेला होता. जाणारा आणि परतणारा करंट जुळला नाही की हा स्विच पडणारच. न्यूट्रल वेगळा केला. तरीही बाथरूमचा जुना इलेक्ट्रिक गीझर लावला की पडायचा. गीझरच्या कॉइलमधून करंट टाकीत उतरत होता. अर्थिंग तुटलेलं, आरसीसीबी नाही आणि करंट पाण्यात! भाडेकरू इथे जवळजवळ चार वर्षं राहिले. देवाची कृपा म्हणायची. गीझर भंगारात काढला.

आरसीसीबीवर 'टी' लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं, खाली पडला पाहिजे. १ तारखेचं काम म्हणून फ्रीजवर चिठ्ठी लावली.

८ डिसेंबर

काकांना घरी बोलावलं. आजी, त्यांची सोलापूरहून आलेली मुलगी, मी. दोन्ही ग्राहक क्रमांकांची बिलं शेजारी शेजारी ठेवून केलेला तक्ता समोर ठेवला.

युनिटचा फरक तिप्पट होता, पण पैशांचा त्याहून जास्त, आणि ते का हे आधी समजावलं. पहिले शंभर युनिट स्वस्त असतात. शंभराच्या पुढे तीनशेपर्यंतचा दर जवळजवळ दुप्पट. त्यावर पुन्हा १६ टक्के वीज शुल्क. सत्तर युनिट वापरणारं माणूस कायम स्वस्त टप्प्यात राहतं. आजींना कायम महाग टप्प्यात ढकललं गेलं. भाडेकरूंच्या काळात आजींनी जास्त भरले ते आणि घर बंद असताना कमी भरले ते, दोन्ही वजा-जमा करून सत्तेचाळीस हजारांच्या आसपास रक्कम आजींची निघत होती. कमी भरलेले पैसे आधी वजा करा, हे आजींनीच सांगितलं.

काका आधी म्हणाले, वापरलं भाडेकरूंनी. ते खरंच आहे, आणि त्यांनाही काही माहीत नव्हतं. पण भाडं त्यांनी घेतलं, घर त्यांचं होतं. बराच वेळ ते जून २०२० चं पाकीट हातात घेऊन बसले. शेवटी तीस हजारांचा चेक देतो म्हणाले. मुलीला पूर्ण हवे होते, मलाही तेच योग्य वाटतं आणि मी तसं बोलूनही दाखवलं. आजींनी तीस मान्य केले. पैसे त्यांचे, शब्द त्यांचा.

१७ डिसेंबर

नाव बदलाचा अर्ज ऑनलाइन भरला: इंडेक्स टू, आधार, मालमत्ता कराची पावती, अनामत वर्ग करण्याचं पत्र. सोबत मंजूर भार वाढवायचा अर्ज. बिलावर एक किलोवॅट आहे. आमचा एकटा गीझर दोन किलोवॅटचा, एसी दीड, इंडक्शन दोन. सगळं एकदम लागत नाही, तरी पाच किलोवॅट मागितले. सिंगल फेजच ठेवतोय. थ्री फेजचा स्थिर आकार दर महिन्याला जास्त पडतो आणि आमच्या घराला त्याची गरज नाही.

९ जानेवारी २०२५

पाइपचा गॅस सुरू झाला, आमच्याकडे आणि आजींकडे एकाच दिवशी. पाइपलाइन गेल्या महिन्यात टाकून झाली होती. आज प्रेशरची चाचणी, साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासला, मग मीटर.

शेगडीचे जेट बदलावे लागतात. पाइपचा गॅस मुख्यतः मिथेन, घरात येतो तो साधारण २१ मिलिबार दाबाने आणि एक घनमीटरमध्ये त्याची उष्णता एलपीजीपेक्षा बरीच कमी, म्हणून भोक मोठं लागतं. सिलिंडरच्या जेटवर पाइपचा गॅस लावला तर ज्योत मरगळते; उलटं केलं, मोठ्या जेटवर सिलिंडर जोडला, तर ज्योत भडकते आणि ते धोक्याचं. माझ्या हिशेबाने १४.२ किलोचा एक सिलिंडर म्हणजे साधारण सतरा घनमीटर.

अजून एक फरक घरातल्या सगळ्यांना समजावला. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीवर साठतो. मिथेन हलका, छताकडे जातो. म्हणून स्वयंपाकघराची वरची झडप कायम उघडी ठेवायची. वास आला तर कुठलंही बटण दाबायचं नाही, चालू करायचं नाही आणि बंदही नाही. व्हॉल्व्ह फिरवायचा, खिडक्या उघडायच्या, बाहेर जाऊन फोन करायचा. सिलिंडरच्या गळतीसाठी देशभर १९०६ हा क्रमांक आहे, पाइपसाठी कंपनीचा मीटरवर चिकटवलेला.

सिलिंडर एजन्सीत परत केला.

१३ जानेवारी

भोगी. आईंची तक्रार: बाजरीची भाकरी फुगत नाही. ज्योत बघितली, मोठ्या बर्नरची एक बाजू पिवळी. बर्नरची टोपी काढून बघितली तर अर्ध्या भोकांत काजळी. सुईने साफ केली, ज्योत सगळीकडून निळी झाली. भाकरी फुगली. आजींना तीळ लावलेली एक नेऊन दिली. त्यांच्याकडे गीझर चालू होता.

२६ जानेवारी

झेंडावंदनानंतर सोसायटीची सभा खालीच घेतली. बारा घरांचे बारा मीटर आणि सामाईक मीटर एकाच दिवशी तपासायचे असं ठरलं. दोघांनी विरोध केला, त्यांचं म्हणणं, इतकी वर्षं चाललंय ना. आजी उभ्या राहिल्या आणि फक्त "माझी फाइल बघा" एवढंच म्हणाल्या. ठराव झाला.

२ फेब्रुवारी

सकाळी नऊपासून तपासणी. एकेका घराने मेन पाडायचा, खाली मी आणि चौकीदार दिवे बघणार, सचिव वहीत लिहिणार. साधारण दहा मिनिटांना एक घर.

तिसरा मजला चारही बरोबर. दुसरा आता बरोबर. पहिल्या मजल्यावर तीन नंबरने मेन पाडला, मीटर थांबला नाही. अदलाबदल नव्हती. जिन्यातले तीन दिवे आणि चौकीदाराच्या खोलीतला पंखा त्यांच्या मीटरवर निघाला. तीन नंबरमध्ये नवीन लग्न झालेलं जोडपं राहतं, भाड्याने. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनने ती वायर आजच सामाईक मीटरवर घेतली, कारण ती मीटरच्या पुढची होती, सीलचा प्रश्न नव्हता. मे २०१८ पासूनच्या हिशेबाचं पत्र सचिवांनी त्यांच्या घरमालकाला द्यायचं आहे आणि बिलाचा फरक सोसायटीने भरायचा आहे. पत्राचा मसुदा मी आज रात्री करून देते.

राहिलेलं: भार वाढीची मंजुरी आली, कोटेशनचे पैसे भरले, नवीन बिलावर पाच किलोवॅट दिसायचे आहेत. नाव बदललं आहे. मीटर रूममध्ये प्रत्येक मीटरखाली घर क्रमांक आणि मीटरचा अनुक्रमांक रंगवून घ्यायचा, रंगारी शनिवारी येईल.